फिरत्या घरातली ओल

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीला मागे जोडून ओढून न्यायचे घर. झोपायची जागा, शेगडी, न्हाणीघर, कपाटे हे सगळे साधारण सात मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागेत बसवलेले असते. अमेरिका आणि कॅनडात लाखो कुटुंबे असे ट्रेलर वापरतात. कोणी सुटीपुरते, कोणी निवृत्तीनंतर बाराही महिने. थंडी पडली की या घरांत एक त्रास हमखास सुरू होतो. सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ उतरलेले असतात, गादीची खालची बाजू ओलसर लागते, कपाटातले कपडे सादळतात आणि त्यांना कुबट वास येतो. महिना-दोन महिने हे असेच चालले तर कोपऱ्यांत काळी बुरशी धरते आणि भिंतीतले लाकूड मऊ पडू लागते. छप्पर गळत नसतानाही हे घडते, कारण यातले बहुतेक पाणी घरात राहणाऱ्यांनीच हवेत सोडलेले असते. म्हणून ओलीवरचा खरा उपायही त्यांच्याच हातात असतो.

हवेत पाणी किती मावते

हवा जितकी उबदार तितकी जास्त वाफ ती सामावून घेते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकते. १० अंशांना सुमारे साडेनऊ ग्रॅम आणि शून्य अंशाला पाच ग्रॅमहूनही कमी. या कमाल मर्यादेच्या किती टक्के वाफ हवेत आहे, ते सापेक्ष आर्द्रता सांगते. हवा गार होत गेली की मर्यादा खाली येते, आणि एका तापमानाला आधीचीच वाफ मर्यादेइतकी भरते. तो दवबिंदू. २० अंशांच्या आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे ९ अंश असतो. अशा खोलीत ९ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी सुटते. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते, ते याच कारणाने.

मोठ्या घरात हे फारसे जाणवत नाही. ट्रेलरमध्ये मात्र एकंदर हवाच सुमारे ३० घनमीटर असते. २० अंशांना तिच्यात सगळी मिळून जेमतेम अर्धा लिटर पाण्याची वाफ मावते. त्यातली निम्मी जागा आधीच भरलेली असेल तर उरली पाव लिटरची. रात्री आठ तास झोपलेली दोन माणसे श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. खिडक्या आणि झडपा घट्ट बंद असतील, तर हवेत न मावलेले हे पाणी पहाटेपर्यंत काचेवर, भिंतीवर आणि गादीखाली जाऊन बसणारच.

पाणी येते कुठून

श्वास हा पहिला उगम, आणि तो थांबवता येत नाही. दुसरा उगम स्वयंपाकाचा. उकळत्या भांड्यातून वाफ निघते हे सर्वांना दिसते. ज्योतीतून पाणी निघते हे सहसा लक्षात येत नाही. ट्रेलरमधली शेगडी बहुधा प्रोपेनवर चालते. प्रोपेन जळताना त्यातल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते, आणि एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडते. मोठा बर्नर तासभर पूर्ण ज्योतीवर चालला तर भांड्यात काहीही नसले तरी पाव लिटरहून अधिक पाणी हवेत जाते.

याच हिशेबाने धुराड्याविना जळणारे छोटे गॅस हीटर ट्रेलरसाठी वाईट ठरतात. नऊ किलोचा एक सिलिंडर अशा हीटरमध्ये संपेपर्यंत सुमारे साडेचौदा लिटर पाणी घरातच सोडलेले असते. शिवाय ते खोलीतला ऑक्सिजन वापरतात, आणि ज्वलन अपुरे झाले तर प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ट्रेलरला मुळात बसवलेल्या फर्नेसची रचना निराळी असते. तिची ज्वाला बंद कप्प्यात जळते, लागणारी हवा बाहेरून येते, धूर आणि वाफ बाहेरच जाते, आणि आतल्या हवेला फक्त ऊब मिळते. विजेचा हीटरही हवेत पाणी सोडत नाही.

उरलेले उगम म्हणजे आंघोळ, ओले टॉवेल, आत वाळत घातलेले कपडे, पावसात भिजलेले कोट आणि बूट, पाळीव कुत्रा. आत दोरीवर वाळलेल्या कपड्यांतले सगळे पाणी शेवटी त्याच ३० घनमीटर हवेत येते. हे पाणी आवरायला पैसे लागत नाहीत, सवय लागते. भांड्यावर झाकण ठेवावे. आंघोळ करताना न्हाणीघराचे दार बंद आणि पंखा चालू असावा. आंघोळीनंतर रबरी पट्टीने भिंतींवरचे पाणी निथळून मोरीत सोडावे. ओले कपडे ट्रेलर जिथे उभा करतात त्या छावणीच्या धुलाईघरात वाळवून आणावेत.

गार जागा कोणत्या

वाफ सगळीकडे सारखी पसरते. पाणी मात्र सर्वांत गार जागी आधी सुटते. ट्रेलर ओढता यावा म्हणून हलका बांधतात, त्यामुळे त्याची भिंत चार-पाच सेंटिमीटरच जाड असते आणि तिच्यात उष्णतारोधक थर बेताचाच बसतो. खिडक्या बहुधा एकेरी काचेच्या आणि अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या असतात. बाहेर शून्य अंश आणि आत २० अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू ढोबळ हिशेबाने ५ अंशांच्या आसपास असते. ती कोरडी ठेवायची तर आतली आर्द्रता ३७ टक्क्यांच्या खाली हवी, आणि माणसे राहत असलेल्या ट्रेलरमध्ये हे फार अवघड आहे. दुहेरी काच त्याच थंडीत १२-१३ अंशांवर राहते आणि ६० टक्क्यांपर्यंत कोरडी टिकते.

अॅल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून अधिक सहज वाहते. म्हणून भिंतीच्या सांगाड्यात अॅल्युमिनियमचे खांब असतील तर कडाक्याच्या थंडीत आतल्या भिंतीवर त्यांच्या रेषेत ओलसर पट्टे उमटतात. स्क्रूची डोकी, दाराची चौकट, छतावरच्या झडपेची कडा याही अशाच जागा. काचेवरचे पाणी डोळ्यांना दिसते आणि पुसता येते. त्याहून घातक ते पाणी, जे गादीखाली, कपाटामागे आणि भिंतीच्या पोटात सुटते. खिडक्या रोज सकाळी घामेजलेल्या दिसू लागल्या, तर आडोशाच्या जागाही भिजत आहेत असे धरूनच चालावे.

वाफ बाहेर घालवणे

ओलीवरचा मुख्य उपाय हवा खेळती ठेवणे हा आहे, आणि थंडीत माणसे नेमकी तीच बंद करतात. ऊब वाया जाईल म्हणून झडपा मिटतात, फटींत कापड कोंबतात. बाहेर पाऊस असेल तर आणखी एक गैरसमज आड येतो : बाहेरची हवा ओली आहे, ती आत घेतली तर ओल वाढेल.

हा गैरसमज आकड्यांनी दूर होतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत, हिवाळाभर पावसाची रिपरिप असते. तिथल्या ५ अंशांच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत एका घनमीटरमागे सुमारे ६ ग्रॅमच पाणी असते. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर येते. म्हणजे बाहेर पाऊस कोसळत असला तरी थंड हवा आत आल्यावर कोरडीच ठरते आणि वाफ शोषून घ्यायला तिच्यात भरपूर जागा असते.

याला किती ऊब खर्ची पडते, तेही काढता येते. झोपलेली दोन माणसे तासाला सुमारे ८० ग्रॅम पाणी सोडतात, असे धरू. आतली आर्द्रता ५० टक्क्यांवर राखायची तर वरच्या उदाहरणातल्या हवामानात दर तासाला ३० घनमीटरच्या थोडी वर हवा बदलावी लागते. म्हणजे तासातून एकदा ट्रेलरमधली सगळी हवा. एवढी हवा ५ अंशांवरून २० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १६० वॅट पुरतात. ट्रेलरच्या फर्नेसची ताकद सहा ते नऊ हजार वॅट असते. बुरशी लागलेली गादी आणि कुजलेली फळी यांच्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

बहुतेक ट्रेलरच्या छतावर १४ इंची चौकोनी झडप असते आणि तिच्यात पंखा बसवता येतो. उबदार, वाफाळलेली हवा वर जाते, म्हणून बाहेर जाण्याची वाट वरच हवी. ही झडप दोन बोटे उघडी ठेवून पंखा मंद गतीवर लावावा आणि दूरच्या टोकाची एखादी खिडकी बोटभर उघडावी. हवा येण्याची वाट आणि जाण्याची वाट एकमेकींपासून लांब असल्या की हवा सगळ्या घरातून फिरून बाहेर पडते. झडपेवर प्लास्टिकचे बाहेरचे आवरण बसवले की पावसातही ती उघडी राहू शकते. थंडीसाठी झडपेच्या पोकळीत फोमची उशी बसवण्याची पद्धत आहे. एका झडपेला ती लावायला हरकत नाही, सगळ्या झडपा मात्र कधीही बुजवू नयेत. स्वयंपाक चालू असताना शेगडीवरचा पंखा चालवावा, आणि त्याआधी त्याचे बाहेरचे झाकण उघडले आहे का ते पाहावे. प्रवासात फडफडू नये म्हणून ते खटक्याने बंद केलेले असते. पुष्कळदा ते तसेच राहते आणि पंखा नुसताच घरघरतो.

ऊब आणि आच्छादन

हवा बदलण्याच्या जोडीला ऊब सतत हवी. रात्री हीटर पूर्ण बंद केला की भिंती गार पडतात, पहाटे हवा दवबिंदूच्या खाली जाते आणि न मावणारी वाफ पाणी होऊन उतरते. रात्री तापमान काही अंशांनी उतरवले तरी चालते, पण ते एका पातळीवर टिकावे. नुसती ऊब वाढवल्याने मात्र पाणी बाहेर जात नाही. ते हवेत तरंगत राहते आणि गार कोपरा मिळाला की तिथे उतरते.

खिडक्यांवर आतून आकसून ताणली जाणारी पारदर्शक फिल्म लावली तर फिल्म आणि काच यांच्यामधली हवा दुहेरी काचेसारखे काम करते. फिल्म चारी कडांनी घट्ट चिकटलेली हवी. चकचकीत फॉइलचा तक्ता नुसता टेकवून ठेवला किंवा जाड पडदा सोडला, तर वाफ बाजूने आत शिरते. पडद्यामागची काच आता आणखी गार असते, आणि पाणी अधिकच सुटते. तसे आच्छादन वापरायचे असेल तर रोज सकाळी काढून काच आणि चौकट पुसावी. खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर सोडणारी बारीक छिद्रे असतात. त्यांत धूळ बसली तर पाणी उलट आत, भिंतीत उतरते. टाचणीने ती छिद्रे मोकळी ठेवावीत.

गादीखाली आणि कपाटात

ट्रेलरमधली गादी बहुधा सपाट प्लायवूडवर टाकलेली असते आणि त्या प्लायवूडखाली सामानाचा थंड कप्पा असतो. शरीराची वाफ गादीतून खाली झिरपते, थंड फळीला भिडते आणि तिथेच पाणी होते. वरची चादर कोरडी असते, त्यामुळे महिनोन् महिने कोणाला पत्ता लागत नाही. गादी उचलून पाहिली की फळीवर झोपणाऱ्याच्या आकाराचा ओला डाग आणि त्याच्या कडेने काळे ठिपके दिसतात. उपाय एकच : गादीखाली हवा फिरू द्यावी. लाकडी पट्ट्यांची जाळी, प्लास्टिकच्या स्प्रिंगा किंवा गुंतवळ्यासारख्या तंतूंची चटई गादी आणि फळी यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर पोकळी ठेवते. दिवसा गादी एका बाजूने उचलून टेकवून ठेवली तरी बराच फरक पडतो.

बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांची गतही तीच. दार बंद असल्याने ऊब आत पोचत नाही. वाफ मात्र फटींतून सहज पोचते. कडक थंडीच्या रात्री कपाटांची दारे किलकिली ठेवावीत, कपडे भिंतीला चिकटवून कोंबू नयेत, आणि कोंदट कोपऱ्यात १२ व्होल्टवर चालणारा लहानसा पंखा लावावा.

यंत्रे आणि क्षार

छावणीत विजेची जोडणी असेल तर डीह्युमिडिफायर उपयोगी पडतो. काँप्रेसरचे यंत्र हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातले पाणी काढते. उबदार हवेत ते दिवसाला कित्येक लिटर पाणी गोळा करते, पण गारठ्यात नळ्यांवर बर्फ धरतो आणि काम मंदावते. थंड जागेत ओलावा शोषणारे चाक फिरवणारे यंत्र बरे. ते वीज जास्त खाते, पण त्याची ऊब घरातच राहते. स्वस्तातली, हाताएवढी पेल्टिअर यंत्रे दिवसाला काहीशे मिलिलिटरच पाणी काढतात. एखाद्या कपाटाला ती पुरतात, राहत्या ट्रेलरला नाही.

कॅल्शियम क्लोराइडच्या खड्यांचे डबे दुकानांत सर्रास मिळतात. डब्यात साठलेले पाणी पाहून समाधान वाटते. पण तेवढे पाणी धरायला त्याला काही आठवडे लागतात, आणि राहणारी माणसे तेवढे एका रात्रीत सोडतात. बंद ट्रेलर आणि बंद कपाटे एवढीच त्यांची जागा. तयार झालेले खारे पाणी सांडले तर धातू गंजतो, हेही लक्षात ठेवावे.

मोजल्याशिवाय कळत नाही

नाकाला ओल कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून प्रत्येक ट्रेलरमध्ये निदान दोन आर्द्रतामापक असावेत. एक वावरण्याच्या जागेत, दुसरा पलंगाजवळ किंवा कपाटात. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांत ठेवायला सांगते. कडक थंडीत खिडक्या एकेरी असतील तर ४० टक्क्यांच्या जवळपास राहणे चांगले.

स्वस्त मापक पाच-दहा टक्क्यांनी चुकू शकतो. त्याची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी सोडावे. मीठ विरघळू नये, ओल्या वाळूसारखे व्हावे. ते बूच आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सर्वसाधारण तापमानाला ओल्या मिठावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक सकाळी ७० दाखवत असेल तर तो ५ टक्के कमी दाखवतो, आणि पुढच्या प्रत्येक मोजणीत तेवढे मिळवावे.

दमट उष्ण प्रदेशात

मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, फ्लोरिडा किंवा लुइझियानात, उन्हाळ्यात हे गणित उलटते. ३० अंशांच्या आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत एका घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. वातानुकूलित ट्रेलरमधल्या २४ अंशांच्या हवेत २२ ग्रॅमही मावत नाही. खिडकी उघडली की बाहेरचे पाणीच आत येते. इथे खिडक्या बंद ठेवून एअर कंडिशनरने पाणी काढावे लागते. त्याचा पंखा ‘ऑटो’वर ठेवावा. तो सतत चालू राहिला तर काँप्रेसर थांबल्यावर गार नळ्यांवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते. गरजेपेक्षा मोठे यंत्रही घातक. ते हवा झटपट गार करून थांबते आणि ओलावा तसाच राहतो.

मात्र ट्रेलर कायमचा बंद ठेवणेही धोक्याचे आहे. २००५ च्या कटरीना वादळानंतर लुइझियाना आणि मिसिसिपीत बेघर कुटुंबांना सरकारी ट्रेलर दिले गेले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७-०८ च्या हिवाळ्यात असे ५१९ ट्रेलर आणि फिरती घरे तपासली, तेव्हा हवेतल्या फॉर्मल्डिहाइडचे सरासरी प्रमाण अब्जांशी ७७ भाग इतके निघाले. ते नेहमीच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त होते. हा वायू प्लायवूड आणि दाबलेल्या फळ्यांच्या गोंदातून सुटतो, आणि उष्मा व दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते. म्हणून अशा प्रदेशात सकाळच्या गारव्यात थोडा वेळ हवा बदलून, मग आतली हवा पुन्हा कोरडी करणे हा मध्यममार्ग आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच फिरत्या घरांच्या, पर्यटनाचे धोरण आणले. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या कॅराव्हॅनला ओरेगनचा नव्हे, आखाताचाच नियम लागू पडतो.

गळती ओळखणे

सगळी ओल वाफेची नसते. छताचे सांधे, झडपांच्या कडा, कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि दिव्यांची भोके यांवरचा सीलंट ऊन, थंडी आणि रस्त्यावरचे हादरे यांनी तडकतो. वाफेचे पाणी थंड सकाळी सगळ्या गार जागी दिसते. गळतीचे पाणी पावसानंतर, एकाच ठिकाणी दिसते आणि वाळल्यावर पिवळसर कडेचा डाग ठेवते. पायाखाली मऊ लागणारी जमीन किंवा बाहेरच्या फायबरग्लासच्या पत्र्याला आलेला फुगा म्हणजे पाणी भिंतीत शिरून आतला गोंद सुटल्याची खूण.

गळती नेमकी शोधायला दुरुस्ती करणारे छताच्या एका झडपेत पंखा बसवून आत हवा कोंडतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फवारतात. जिथे बुडबुडे येतात, तिथून पाणी आत जाते. वर्षातून किमान दोनदा छतावर चढून सांधे पाहणे आणि तडा दिसताच जुना सीलंट खरवडून नवा भरणे, ही कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त गोष्ट आहे.

काही भिजलेच तर २४ ते ४८ तासांत ते पूर्ण वाळवावे. त्याहून उशीर झाला की बुरशी धरण्याची शक्यता वाढते. टणक पृष्ठभागावरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून, पुसून कोरडी करता येते. हे काम हातमोजे आणि मास्क घालून करावे. बुरशी खोलवर गेलेली गादी किंवा उशी मात्र टाकूनच द्यावी, विशेषतः दमा असलेले माणूस किंवा लहान मूल तिच्यावर झोपत असेल तर.

बंद करून ठेवताना

वापरात नसलेल्या ट्रेलरमध्ये श्वास आणि स्वयंपाक नसतो, पण ऊबही नसते. हिवाळ्यासाठी तो उभा करण्यापूर्वी नळ आणि टाक्या रिकाम्या कराव्यात, फ्रिज पुसून त्याचे दार उघडे टेकवावे, गाद्या कडेवर उभ्या कराव्यात, कपाटे आणि खण उघडे ठेवावेत. आवरण असलेली छताची झडप थोडी उघडी राहू द्यावी. विजेची सोय असेल तर डीह्युमिडिफायर लावून त्याची नळी थेट मोरीत सोडावी. पाणी गोठण्याची भीती असेल तिथे मात्र कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवावेत आणि महिन्याला बदलावेत. वर झाकायचे कापड हवा जाऊ देणारे हवे. प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळली तर पाऊस बाहेर राहतो, पण आतली ओल आतच कोंडून राहते.